एका मतदानावरून आंतरराष्ट्रीय संबंध: संशोधन कसे करावे, वर्गात कसे शिकवावे

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ‘संशोधनाचा विषय काय घेणार?’ असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. भारत-चीन संबंध, भारत-अमेरिका संबंध, दहशतवाद, संयुक्त राष्ट्रांची भूमिका. हे विषय नव्हेत, ही नुसती कपाटे झाली. त्यातून नेमका कोणता कागद बाहेर काढायचा हे ठरत नाही तोवर काम सुरू होत नाही. मग काही वर्षांनी एक प्रबंध उभा राहतो. त्यात पहिले प्रकरण ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’, शेवटचे ‘आव्हाने व संधी’ आणि मधे वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा गोषवारा.

महाविद्यालयात हा विषय शिकवणाऱ्या आणि सोबत पीएचडीचे किंवा एखाद्या शोधनिबंधाचे काम रेटणाऱ्यांसाठी पुढची पद्धत आहे. एकच प्रसंग निवडायचा, त्याचे कागद मुळातून वाचायचे आणि तोच प्रसंग वर्गात घ्यायचा. संशोधनाला वेगळा वेळ आणि अध्यापनाला वेगळा वेळ ही चैन आपल्याकडे फार थोड्यांना परवडते. उदाहरण म्हणून इथे ७ डिसेंबर १९७१ या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झालेले मतदान घेतले आहे.

पायरी पहिली: खटकणारी गोष्ट शोधा

त्या दिवशी आमसभेने ठराव क्रमांक २७९३ मंजूर केला. भारत आणि पाकिस्तान यांनी ताबडतोब युद्धबंदी करावी आणि आपापले सैन्य सीमेच्या आत मागे घ्यावे, हा त्याचा गाभा. बाजूने १०४ मते, विरोधात ११, तटस्थ १०. विरोधातल्या अकरांत भारत, सोव्हिएत संघ, युक्रेन, बेलोरशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, बल्गेरिया, मंगोलिया, क्यूबा आणि भूतान. भूतानला संयुक्त राष्ट्रांचे सदस्य होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते.

आता खटकते काय ते पाहा. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. मार्चपासून तिथे काय चालले आहे हे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून येत होते. अलिप्ततावादी चळवळीत भारताचा शब्द वजनदार होता. असे असूनही त्या चळवळीतले बहुसंख्य देश भारताला नको असलेल्या ठरावाच्या बाजूने गेले. का?

हा ‘का’ म्हणजे तुमचा प्रश्न. ‘१९७१चे युद्ध आणि संयुक्त राष्ट्रे’ हे शीर्षक त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यात काहीही मावते. प्रश्न चांगला आहे की नाही हे तपासायला मी एकच कसोटी लावतो: उत्तर काय येईल हे आधीच ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर प्रश्न बदला. ‘भारताच्या परराष्ट्र धोरणात राष्ट्रहिताला महत्त्व आहे का?’ या प्रश्नाचे ‘नाही’ असे उत्तर आजवर कोणत्याही प्रबंधाने दिलेले नाही, आणि देणारही नाही.

पायरी दुसरी: वाचनाआधी उत्तरे मांडा

इथे बहुतेक जण थेट ग्रंथालय गाठतात. थांबा. आधी संभाव्य उत्तरे कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर लिहा, ‘हे खरे असेल तर मतदानात काय दिसायला हवे?’ आमच्या उदाहरणात सहज सुचणारी उत्तरे अशी.

अमेरिकेचा दबाव होता, हे पहिले. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानच्या बाजूला झुकले होते हे उघड आहे. पण तसे असेल तर निदान अमेरिकेचे लष्करी मित्र तरी एकमुखाने बाजूने जायला हवेत. यादी पाहा: ब्रिटन, फ्रान्स आणि डेन्मार्क तटस्थ आहेत. तिन्ही नाटोचे सदस्य.

मुस्लिम देशांची एकजूट, हे दुसरे. तटस्थांच्या यादीत अफगाणिस्तान, ओमान आणि सेनेगल आहेत. शिवाय इस्लामशी काही देणेघेणे नसलेल्या लॅटिन अमेरिकी आणि आफ्रिकी देशांची मोठी रांग ठरावाच्या बाजूने उभी आहे. म्हणजे हे उत्तर काही देशांपुरते लागू पडेल, १०४ मतांचा उलगडा त्यातून होत नाही.

तिसरे उत्तर फुटीरतेच्या भीतीचे. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना आपापल्या घरातले फुटीर भाग दिसत होते. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राचे युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपले होते, म्हणजे जखम ताजी होती. शेजारी देशाच्या सैन्याच्या मदतीने एखादा प्रांत वेगळा होऊ शकतो, हा पायंडा त्यांना परवडणारा नव्हता. हे खरे असेल तर त्यांच्या भाषणांत निर्वासितांबद्दल सहानुभूती आणि सार्वभौमत्वाबद्दल ठाम भूमिका, दोन्ही एकत्र सापडायला हवे. म्हणजे आता भाषणे वाचायला कारण मिळाले, आणि काय शोधत वाचायचे तेही कळले.

सिद्धांताचे प्रकरण असते ते इथे, वेगळे नाही. पहिल्या उत्तरात वास्तववादी विचार आहे, दुसऱ्यात ओळखीवर भर देणारा रचनावादी, तिसऱ्यात सार्वभौमत्वाच्या संकेताला महत्त्व देणारा. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मॉर्गेन्थोपासून वॉल्ट्झपर्यंत सगळ्या सिद्धांतकारांची ओळख करून द्यायची आणि तिसऱ्या प्रकरणापासून त्यांचे नावही काढायचे नाही, ही आपल्याकडची रीत आता मोडायला हवी.

पायरी तिसरी: तारखांचा तक्ता

एक साधा तक्ता करा. रकाने चार: तारीख, घटना, त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होते, आणि आधार. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात.

उदाहरण देतो. किसिंजर जुलै १९७१ मध्ये पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला गेले. ९ ऑगस्टला दिल्लीत भारत-सोव्हिएत करारावर परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि ग्रोमिको यांनी सह्या केल्या. दोन नोंदी एकाखाली एक आल्या की हात आपोआप लिहून जातो, ‘म्हणून भारताने करार केला.’ पण त्या कराराच्या मसुद्यावर मॉस्कोत १९६९ पासूनच बोलणी चालू होती. तक्ता १९७१ पासून सुरू केला तर हे दिसणारच नाही. बीजिंगच्या भेटीने कराराला वेग दिला असेल, मुहूर्त ठरवला असेल. कराराचा उगम मात्र वेगळा आहे. तेव्हा घटनेच्या निदान दोन वर्षे आधीपासून तक्ता सुरू करा.

डिसेंबरचे दिवस तासागणिक भरावे लागतात. ३ तारखेला संध्याकाळी पाकिस्तानचे हवाई हल्ले, ४ तारखेला सुरक्षा परिषदेची बैठक, लागोपाठ दोन सोव्हिएत नकाराधिकार, ६ तारखेला इंदिरा गांधींनी संसदेत बांगलादेशाला मान्यता जाहीर करणे, त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव ३०३ करून प्रकरण आमसभेकडे सोपवणे, ७ तारखेला आमसभेचे मतदान, १३ तारखेला तिसरा नकाराधिकार, १६ तारखेला ढाक्यात शरणागती. न्यूयॉर्क आणि दिल्ली यांच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक आहे, म्हणून एकाच बैठकीची तारीख दोन ठिकाणी वेगळी छापलेली दिसते. आधार देताना कोणत्या शहराची वेळ धरली ते लिहा.

पायरी चौथी: कागद कुठे सापडतात

क्रम असा ठेवा: घरबसल्या मिळते ते आधी, प्रवास करून मिळते ते नंतर.

संयुक्त राष्ट्रांचे डिजिटल ग्रंथालय सर्वांना मोफत खुले आहे. तिथे विषयाचे नाव टाकून शोधलेत तर हजारो नोंदी अंगावर येतात. कागदाचा संकेतांक टाकून शोधा. सुरक्षा परिषदेच्या बैठकींचे शब्दशः इतिवृत्त ‘एस/पीव्ही’ या अक्षरांनी आणि बैठकीच्या क्रमांकाने नोंदलेले असते. ४ डिसेंबर १९७१च्या बैठकीचा क्रमांक १६०६. आमसभेसाठी ‘एस’च्या जागी ‘ए’. हे अर्थात रोमन लिपीत टाइप करायचे. एकदा १६०६ उघडले की पुढचे क्रमांक ओळीने वाचत जा. भारताचे प्रतिनिधी समर सेन, पाकिस्तानचे आगा शाही, अमेरिकेचे जॉर्ज बुश (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले), चीनचे हुआंग हुआ हे सगळे त्या पानांत एकमेकांशी भांडताना भेटतात. ठरावाचा मजकूर वाचून जे कळत नाही ते इथे कळते.

दुसरा साठा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाचा. १९६९ ते १९७६ या काळावरच्या मालिकेतला अकरावा खंड पूर्णपणे १९७१च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगावर आहे आणि तो संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. ३ डिसेंबरच्या बैठकीत किसिंजर ‘अध्यक्षांना पाकिस्तानच्या बाजूने झुकायचे आहे’ असे अधिकाऱ्यांना सांगतात, १० डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये ते हुआंग हुआ यांना गुपचूप भेटतात, हे सगळे कागदोपत्री उपलब्ध आहे.

इथे एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. अमेरिकेने कागद खुले केले म्हणून १९७१ची गोष्ट वॉशिंग्टनच्या खिडकीतून सांगितली जाते. निक्सन काय म्हणाले हे पानोपानी येते. दिल्लीत काय घडले ते दोन ओळींत उरकते. म्हणून भारतीय बाजूचे कागद शोधणे हे केवळ देशाभिमानाचे काम नाही, संशोधन एकांगी होऊ नये यासाठी ते आवश्यक आहे.

भारतीय बाजूला सगळ्यात सोपे म्हणजे संसदेचे डिजिटल ग्रंथालय. ३१ मार्च १९७१चा दोन्ही सभागृहांचा ठराव आणि त्यानंतरच्या चर्चा तिथे मिळतात. यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. निर्वासितांच्या खर्चाबद्दल सभागृहात काय विचारले गेले आणि काय उत्तर मिळाले, यावर मराठीत एक स्वतंत्र निबंध सहज होईल.

मग दिल्ली. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरूनच फायलींची सूची चाळा आणि हव्या त्यांचे क्रमांक लिहून घेऊन जा. सार्वजनिक अभिलेखांसाठी २५ वर्षांचा नियम आहे, पण नियम असणे आणि फाईल टेबलावर येणे यांत अंतर असते. मागितलेल्या फायलींपैकी निम्म्या मिळाल्या तर समाधान माना. तीन मूर्ती भवनातले पूर्वीचे नेहरू स्मारक ग्रंथालय, आताचे पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय, इथे इंदिरा गांधींचे तेव्हाचे सचिव पी. एन. हक्सर आणि परराष्ट्र सचिव टी. एन. कौल यांची खासगी कागदपत्रे आहेत. या प्रश्नासाठी ती सरकारी फायलींइतकीच मोलाची. जाण्याआधी मार्गदर्शकांचे पत्र, ओळखपत्राच्या प्रती आणि महाविद्यालयाचा शिक्का या गोष्टी पिशवीत हव्यातच. फोटो काढायची परवानगी असेल तर प्रत्येक फायलीच्या वेष्टणाचा फोटो सगळ्यात आधी काढा. घरी आल्यावर शेकडो सुटी पाने मोबाइलमध्ये असतात आणि कुठले पान कुठल्या फायलीतले हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

दिल्लीला जाणे जमत नसेल तर मुंबईकडे पाहा. एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते आणि इराणी आखातातला ब्रिटिश कारभार १८७३ पर्यंत मुंबईहून चालत असे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात त्या काळचे कागद आहेत. पश्चिम आशियावर काम करू इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने लंडनची स्वप्ने पाहण्याआधी फोर्टात दोन आठवडे बसावे. मोडी येत असेल तर पुण्याचे पेशवे दफ्तर आहेच; वकिलांची, म्हणजे दरबारी दूतांची, पत्रे म्हणजे राजनयच.

मधेच एक इशारा

१९७१बद्दल व्हॉट्सॲपवर एक गोष्ट फिरते. अमेरिकेचे सातवे आरमार एका बाजूने, ब्रिटिश विमानवाहू जहाज दुसऱ्या बाजूने, आणि मधे येऊन सोव्हिएत पाणबुड्यांनी दोघांनाही रोखले. ‘एंटरप्राइझ’ हे अमेरिकी जहाज बंगालच्या उपसागराकडे पाठवले गेले, हे खरे. ब्रिटिश जहाजाच्या कथेला मात्र कागदाचा हवाला कोणी देत नाही. आणि ब्रिटन सुरक्षा परिषदेतही तटस्थ होते, आमसभेतही. विद्यार्थ्यांना हा मेसेज द्या आणि सांगा, प्रत्येक वाक्याला मूळ कागद शोधून आणा. आधारशोधनावरचे तीन तास भाषण देण्यापेक्षा हे बरे.

पायरी पाचवी: लिहिणे आणि छापणे

निबंधाची पहिली दोन पाने कोडे मांडण्यात जावीत, पार्श्वभूमीत नाही. प्रत्येक पर्यायी उत्तर प्रामाणिकपणे मांडून मग बाजूला करा. मराठीत लिहिणार असाल तर परिभाषा सुरुवातीला ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. आधीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात पाहून घ्या, नाहीतर मौखिक परीक्षेला परीक्षक पाहून ठेवतात. नियतकालिक निवडताना यूजीसीची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाल्याने जबाबदारी तुमच्यावर आली आहे. आठवड्याभरात ‘स्वीकृत’ म्हणून कळवून बँक खात्याचा क्रमांक पाठवणाऱ्यांपासून दूर राहा, एवढे पुरे.

तोच प्रसंग वर्गात

चार तासिका धरा. पहिल्या तासिकेला नकाशा आणि एक जुने पाकीट. नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचे जादा ‘शरणार्थी सहायता’ तिकीट लावावे लागत असे. गावाकडच्या माळ्यावर, जुन्या पेटीत अशी पाकिटे अजून सापडतात. वर्गात आधीच सांगून ठेवले तर कोणीतरी आजोबांचे पत्र घेऊन येतेच. ते तिकीट हातोहात फिरले की बंगालमधला पेचप्रसंग सातारा-बुलढाण्याच्या खिशापर्यंत कसा पोचला होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या तासिकेला मतदानाची यादी द्या, निष्कर्ष देऊ नका. गटागटाने वर दिलेली तीन उत्तरे तपासायला लावा. डेन्मार्क आणि ओमान तटस्थ का, इथे गाडी अडते, आणि अडली की वर्ग जागा होतो.

तिसरी आणि चौथी तासिका जोडून घ्या आणि सुरक्षा परिषद भरवा. १९७१चे पंधरा सदस्य असे: अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, चीन हे कायम, अर्जेंटिना, बेल्जियम, बुरुंडी, इटली, जपान, निकाराग्वा, पोलंड, सिएरा लिओन, सोमालिया, सीरिया हे अस्थायी. भारत आणि पाकिस्तान यांना बोलता येते, मत नाही. प्रत्येक देशाला दोघे-तिघे विद्यार्थी दिले की चाळीस-पन्नासांचा वर्ग सहज बसतो. प्रत्येक गटाला एक पानाची माहिती द्या आणि त्यात ४ डिसेंबरनंतरचे काहीही नको. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, पण ‘तुमच्या देशाला तो ठाऊक नाही’ हे वारंवार बजावावे लागते.

नियम फळ्यावर लिहा. मंजुरीला नऊ मते हवीत आणि कायम सदस्याचा विरोध नको. कायम सदस्य तटस्थ राहिला तर तो नकाराधिकार होत नाही. कार्यपद्धतीच्या ठरावाला नकाराधिकार चालत नाही. हे तीन नियम पाठ्यपुस्तकातून पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरतात. इथे अंगवळणी पडतात. सोव्हिएत मसुद्याचे उदाहरण मुद्दाम ठेवा. त्याला बाजूने फक्त दोन मते पडली, चीनने विरोध केला, बारा तटस्थ. चीनचे हे मत नकाराधिकार ठरते का? वर्गातले हुशारही हमखास ‘हो’ म्हणतात. नऊ मतेच नव्हती, तर नाकारायचे काय?

अस्थायी देश मिळालेले विद्यार्थी सुरुवातीला हिरमुसतात. सोमालिया किंवा बुरुंडी काय करणार? त्यांना सांगा की प्रकरण आमसभेकडे नेणारा मसुदा मांडणाऱ्या सहा देशांत अर्जेंटिना, जपान आणि निकाराग्वासोबत सोमालिया, बुरुंडी आणि सिएरा लिओन हे तिघेही होते. बड्यांची कोंडी झाली तेव्हा वाट छोट्यांनी काढली.

पाकिस्तानचा गट उभा राहिला की मागच्या बाकांवरून हुर्यो उडते. हे पहिल्याच मिनिटाला थांबवा. ज्या विद्यार्थ्याने आगा शाहींची बाजू जीव तोडून मांडली त्याला टाळ्या मिळाल्या पाहिजेत. समोरच्याचे म्हणणे त्याच्या ताकदीसह समजून घेता येत नसेल तर हा विषय शिकून उपयोग नाही. बोलायची भाषा मराठीच ठेवा. इंग्रजीचा आग्रह धरला की चार जण बोलतात आणि बाकीचे पाणी प्यायला बाहेर जातात.

गुण भाषणाला देऊ नका, नाहीतर वक्तृत्व स्पर्धेचे विजेते सगळे घेऊन जातात. संयुक्त राष्ट्रांत मतदानानंतर देश आपल्या मताचे स्पष्टीकरण देतात. प्रत्येकाकडून तसे एक पान लिहून घ्या: आमच्या देशाने असे मत का दिले, कोणत्या कागदाच्या आधारे. अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुण त्यालाच.

या पानांचा तुम्हालाही उपयोग आहे. ब्रिटनच्या गटाने तटस्थतेचे जे कारण शोधले ते तुमच्या निबंधात तपासून पाहण्याजोगे असू शकते. ते वापरले तर ऋणनिर्देशात वर्गाचा उल्लेख करा.

दुसऱ्या सत्रासाठी

हीच रीत २ मार्च २०२२च्या मतदानाला लावा. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आमसभेत १४१ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला, ३५ देश तटस्थ राहिले आणि भारत त्या पस्तीसांत होता. त्याआधी २७ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेने प्रकरण आमसभेकडे पाठवले ते ११ मतांनी. रशियाचा विरोध होता, पण ठराव कार्यपद्धतीचा असल्याने नकाराधिकार लागू झाला नाही. १९७१चा ठराव ३०३ देखील ११ मतांनीच झाला होता. विद्यार्थ्यांना दोन्ही याद्या शेजारी ठेवून द्या. १९७१ मध्ये परक्या सैन्याने सीमा ओलांडण्याविरुद्ध मत देणारे किती देश २०२२ मध्ये तटस्थ झाले, आणि कोणते, हे त्यांनी शोधून काढायचे. मुदत तीन आठवडे. यादी डिजिटल ग्रंथालयातून स्वतः उतरवायची, कोणाच्या ब्लॉगवरून नाही.